शॅमेलिऑन कात टाकतो तेव्हा

हिरव्या अंगावर पिवळे-नारिंगी पट्टे मिरवणारा व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्यांपैकी एक, एका सकाळी फिकट, पांढुरका दिसायला लागतो. समोर धरलेल्या नाकतोड्याकडे ढुंकूनही पाहत नाही. फांदीवर गाल घासतो, तोंड वेडंवाकडं करतो, मध्येच डोळ्याचा बुबुळासकट उंचवटा फुग्यासारखा फुगवतो. पहिल्यांदाच हा प्राणी पाळणारा माणूस हे पाहून हादरतो आणि थेट प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावतो. बहुतेक वेळा प्राणी ठणठणीत असतो. त्याची कात टाकायची वेळ आलेली असते, इतकंच.

अमेरिका आणि युरोपात पाळले जाणारे शॅमेलिऑन प्रामुख्याने दोन जातींचे असतात. व्हेल्ड शॅमेलिऑन मूळचा येमेनचा आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातल्या डोंगरांचा, तर पँथर शॅमेलिऑन मादागास्करचा. दोघंही जन्मापासून मरेपर्यंत कात टाकत राहतात. पिल्लं झपाट्याने वाढतात, त्यामुळे त्यांची कात दर काही आठवड्यांनी निघते आणि कधी कधी काही तासांतच सगळं अंग मोकळं होतं. प्रौढ प्राणी दोन कातींमध्ये बरंच जास्त अंतर ठेवतो आणि त्याचं काम रेंगाळतं. पाठीवरची कात आज निघाली, पायावरची चार दिवसांनी, असंही होतं. सापाची कात डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड निघते. शॅमेलिऑनची तशी निघत नाही, तिचे तुकडे पडतात. तुकडे पडले म्हणजे काही बिघडलंय असं समजायचं कारण नाही.

अंग वाढलं, जुनी त्वचा तोकडी पडली, म्हणून कात टाकली, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं. पण ते अर्धंच खरं आहे. वाढ जवळजवळ थांबलेला प्रौढ शॅमेलिऑनही कात टाकतो, कारण त्वचेचा बाहेरचा थर झिजतो आणि तो बदलावा लागतो. या थरात केराटिन आणि त्याच्यासारखीच कडक प्रथिनं असतात. त्यातल्या पेशी मेलेल्या असतात, त्या ताणल्या जात नाहीत की दुरुस्तही होत नाहीत. याच थरांच्या मध्ये मेदद्रव्यांचा एक पडदा असतो, जो शरीरातलं पाणी बाहेर उडून जाऊ देत नाही. कोरड्या वाऱ्यात फांदीवर दिवस काढणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने तो पडदा शाबूत असणं ही जगण्या-मरण्याची गोष्ट आहे. कात टाकताना हा पडदाही नवा होतो.

आता आत काय चालतं ते पाहू. माणसाच्या त्वचेतल्या मृत पेशी रोज थोड्या थोड्या, नजरेला न दिसता झडत असतात. सरडे, पाली आणि सापांच्या त्वचेचं काम टप्प्याटप्प्याने चालतं. बराच काळ त्वचा विश्रांती घेते. मग तळाच्या जिवंत पेशी एकदम विभागायला लागतात आणि जुन्या त्वचेच्या खाली तिची पूर्ण नवी प्रत तयार करतात. काही काळ प्राण्याच्या अंगावर दोन त्वचा एकावर एक असतात. अंग फिकट दिसतं ते याच दिवसांत.

या दोन त्वचा जिथे एकमेकींना भिडतात ती जागा मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते. नव्या त्वचेच्या अगदी वरच्या पेशींवर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील असे काटे उगवतात आणि ते जुन्या त्वचेच्या तळाच्या पेशींमध्ये रुततात. दोन फण्यांचे दात एकमेकांत घालावेत तशी ही पकड असते. नवी त्वचा पक्की होईपर्यंत जुनी निसटू नये, ही सोय त्यात आहे. वेळ आली की जुन्या बाजूच्या पेशी विरायला लागतात, पकड सैल होते आणि दोन्ही थर सुटे होतात. मागे राहिलेले ते काटे वाया जात नाहीत. पालीला भिंतीवर धरून ठेवणारे तळपायाचे सूक्ष्म केस अशाच काट्यांपासून घडले आहेत. शॅमेलिऑनच्या तळव्यांवर आणि शेपटीच्या खालच्या बाजूलाही असे केस असतात. ते भिंतीला चिकटत नाहीत, पण फांदीवर घर्षण वाढवून पकड घट्ट करतात. म्हणजे प्रत्येक कातीबरोबर शॅमेलिऑनला नवी पकडही मिळते.

हे सगळं केव्हा सुरू व्हायचं, यावर संप्रेरकांचं नियंत्रण असतं. सरड्या-पालींमध्ये थायरॉइडचं संप्रेरक कात टाकण्याचा वेग वाढवतं, सापांमध्ये मात्र ते तो रोखून धरतं. इतक्या जवळच्या नातलगांत एकच संप्रेरक उलट वागतं.

पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला कातीचा तुकडा उचलून उजेडासमोर धरा. तो कागदासारखा कोरडा आणि पांढुरका, अर्धपारदर्शक असतो. भिंगातून पाहिलं तर एकेका खवल्याचा ठसा, मोठ्या खवल्यांच्या भोवती लहान दाणे, सगळं जसंच्या तसं दिसतं. फक्त रंग नसतो. जगातल्या सर्वांत रंगीत प्राण्यांपैकी एकाने अंगावरून उतरवलेली ही वस्तू बेरंग असते, कारण रंग या थरात नसतोच.

तो असतो खालच्या जिवंत त्वचेत. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक भरलेल्या पेशींचे दोन थर दाखवले. वरच्या थरातले स्फटिक जवळजवळ असले की निळा प्रकाश परततो आणि त्वचेतल्या पिवळ्या रंगद्रव्याशी मिळून प्राणी हिरवा दिसतो. प्रतिस्पर्धी नर दिसला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि हिरव्याचा पिवळा, नारिंगी होत जातो. हा सगळा खेळ वरच्या पारदर्शक थरातून आपल्याला दिसत असतो. सुटत आलेली कात मध्ये आली की तोच रंग धुरकट होतो, आणि ती पडली की झळझळीत दिसतो. कात टाकल्यावर प्राण्याचा रंग उजळला असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर त्याच्यावरचं सावट गेलेलं असतं. हा थर किती पारदर्शक असावा? २०१८ साली म्युनिकच्या संशोधकांनी दाखवलं की मादागास्करच्या काही शॅमेलिऑनच्या कवटीवरचे उंचवटे अतिनील प्रकाशात निळे चमकतात. त्या हाडांवर त्वचेचा इतकाच पातळ थर उरलेला असतो, की त्यातून हाडाची चमक बाहेर येते.

पाळलेल्या प्राण्यांच्या बाबतीत खरी काळजी करायची ती कात अडकल्यावर. बोटं, शेपटीचं टोक, डोक्यावरचा तुरा आणि डोळ्यांभोवतीची त्वचा या अडकण्याच्या नेहमीच्या जागा. बोटाभोवती जुन्या कातीचं कडं राहिलं की ते वाळून आवळतं, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि बोट काळं पडून झडतं. शॅमेलिऑनचा पाय चिमट्यासारखा फांदी धरतो, त्यात एक बोट जाणं ही लहान गोष्ट नाही.

कात अडकण्यामागे बहुधा पाण्याची कमतरता असते. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. येमेनच्या डोंगरांत दिवसा हवा कोरडी असली तरी रात्री धुकं उतरतं, पहाटे पानं ओली असतात. घरात हीटर चालू, वर तापता दिवा आणि दिवसरात्र कोरडी हवा, अशा पिंजऱ्यात तो आतून सुकतो. यावर दिवसभर फवारे मारून पिंजरा दमट ठेवणं हा उपाय नाही. सततच्या ओलाव्याने आणि हवा न खेळल्याने श्वसनाचे आजार होतात. जाळीचा, हवा खेळती राहील असा पिंजरा, रात्री थंडावा आणि धुकं, पहाटे पानांवर भरपूर पाणी, दिवसा कोरडं व्हायला वेळ, हा क्रम मूळ प्रदेशाशी जुळतो. पाण्याखालोखाल जीवनसत्त्व अ चा विचार करावा. केवळ रातकिड्यांवर पोसलेल्या शॅमेलिऑनला ते पुरेसं मिळत नाही. मग डोळे सुजतात, कात नीट सुटत नाही. पण त्याचा अतिरेकही त्वचेला घातकच, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. जुनी भाजल्याची जखम असेल तर त्या जागी दर वेळी कात अडकते.

अडकलेली कात नखाने ओढू नका. खालची त्वचा अजून तयार नसेल तर ती सोलली जाते. कोमट पाण्याची बारीक फवार थोडा जास्त वेळ द्या, अंग घासायला खरबरीत फांद्या आणि खरी झाडं ठेवा, आणि प्राण्याला त्याचं काम करू द्या. तेल चोळू नका, विशेषतः डोळ्यांजवळ. बोट सुजलं, काळसर दिसलं किंवा डोळा दिवसाही मिटलेला राहिला, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला डॉक्टर गाठा.

परदेशात राहणारे मराठी वाचक हे सगळं वापरू शकतील. महाराष्ट्रात मात्र आपला स्वतःचा शॅमेलिऑन आहे, घोयरा सरडा. तो रानात अशीच तुकड्या-तुकड्यांनी कात टाकतो. त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे, म्हणून त्याला पकडणं, घरात ठेवणं किंवा विकणं गुन्हा आहे. परदेशी जातींनाही २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागू झाली आहे. घोयरा विषारी नाही. तरीही रस्ता ओलांडताना दिसला की गैरसमजापोटी त्याला मारलं जातं, आणि कात टाकण्याच्या दिवसांत अंगावर पांढरे पापुद्रे लोंबत असले की रोगट समजून तर हमखास. असा घोयरा दिसला तर हात न लावता जाऊ द्या. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.