सर्पदंशात पापण्या का मिटतात?

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जवळ आली की सांगली जिल्ह्यात सापांच्या गोष्टी निघतातच. साप चावलेल्याला झोपू द्यायचं नाही, कडुलिंबाचा पाला चघळायला द्यायचा, कडू लागला नाही तर विष चढलं समजायचं, असं जुनी माणसं सांगतात. पाल्याच्या परीक्षेत वेळ जातो आणि जीवही जातो. झोपेबद्दलचं निरीक्षण मात्र खरं आहे. नाग किंवा मण्यार चावलेल्याच्या पापण्या मिटतात. आत माणूस जागा असतो, आपलं बोलणं ऐकत असतो. पापणी उचलण्याचा मेंदूचा निरोप स्नायूला मिळत नसतो.

निरोप नेमका कुठं अडतो, हे कळायला फार वर्षं लागली. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत गॅल्व्हानीनं बेडकाच्या पायावर प्रयोग करून मज्जातंतूंचं नातं विजेशी जोडलं. पुढं १८५०च्या सुमारास फ्रान्समध्ये क्लोद बर्नारनं बेडकाला क्युरारे हे दक्षिण अमेरिकेतलं बाणांचं विष टोचलं. बेडूक लुळा पडला, पण स्नायूलाच विजेचा झटका दिला की तो आखडायचा. स्नायू धड होता. खोट मज्जातंतू आणि स्नायू जिथं भेटतात तिथं होती. त्या भेटीत बारीकशी फट असते आणि ती वीज नाही, रसायन ओलांडतं. ऑटो लोवीनं १९२१ साली बेडकाच्या हृदयावर असं रसायन दाखवलं. ॲसिटिलकोलीन हे तेच रसायन स्नायूंनाही हलवतं, हे हेन्री डेलच्या गटानं सिद्ध केलं. दोघांना १९३६चं नोबेल मिळालं.

मग आपल्या मण्यारीची भावकी कामाला आली. १९६३ साली तैवानमध्ये चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातले घटक वेगळे केले. एक घटक स्नायूवरच्या ॲसिटिलकोलीनच्या जागा इतक्या घट्ट अडवतो, की त्याच्याच मदतीनं पुढं शास्त्रज्ञांना त्या जागांचं प्रथिन वेगळं काढता आलं. दुसरा घटक मज्जातंतूचं टोकच निकामी करतो.

नागाचं विष मुख्यतः पहिल्या वाटेनं जातं, मण्यारीचं दोन्ही वाटांनी. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेल्याला पत्ता लागत नाही. पापणीमागून गिळणं, बोलणं आणि शेवटी श्वास अडतो. प्रतिविष रक्तात फिरणारं विष धरतं, निकामी झालेली टोकं जोडत नाही, म्हणून ते लवकर मिळणं इतकं मोलाचं. उशीर झाला तरी व्हेंटिलेटरनं श्वास चालू ठेवला, तर काही दिवसांनी नवी टोकं फुटतात आणि पापणी उघडते.