एक हात दोरावर, एक हात बंदुकीवर : रॅपलिंगमधील घर्षणाचे गणित

कोल्हापुरातील तरुणांच्या मोबाइलवर एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या झाडणाऱ्या नकली बंदुकींच्या, खेळांच्या ज्या चित्रफिती फिरतात, त्यांत एक दृश्य हमखास असते. खेळाडू गच्चीवरून किंवा कड्यावरून दोराने झपाट्याने खाली येतो, एका हाताने दोर धरतो आणि दुसऱ्या हाताने बंदूक रोखून गोळ्या झाडतो. पन्हाळा-जोतिबाच्या परिसरात असेच काही करून पाहावे असे ज्यांना वाटते, त्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो : दोर दोन टन वजन पेलतो, मग भीती कसली? दोराविषयीची ही माहिती खरी आहे. रॅपलिंगसाठी, म्हणजे दोराने खाली उतरण्यासाठी, वापरल्या जाणाऱ्या ‘अ’ प्रकारच्या स्टॅटिक (फारसा न लांबणाऱ्या) दोराने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २२०० किलो वजनाइतका ताण सहन केला पाहिजे, असे युरोपीय मानक सांगते. परंतु उतरणाऱ्या माणसाचा जीव दोराच्या बळापेक्षा तो दोर किती वेगाने सरकतो यावर अधिक अवलंबून असतो, आणि ते सरकणे रोखणारा हात नेमका तोच असतो, ज्याला या खेळात दुसरे काम सांगितले जाते.

उधळू पाहणारी म्हैस आवरताना आपल्याकडचा शेतकरी दाव्याचे दोन वेढे झाडाच्या बुंध्याला देतो आणि मोकळे टोक सहज हातात धरून उभा राहतो. रॅपलिंगमध्ये बुंध्याच्या जागी इंग्रजी आठाच्या आकाराचे धातूचे साधन असते, ज्याला फिगर-एट म्हणतात. ते कंबरेच्या हार्नेसला (कंबर-मांड्यांभोवतीच्या पट्ट्यांना) कॅराबिनरने, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीने, जोडलेले असते. या साधनावरून दोर एकूण सुमारे दीड वेढा घेतो असे धरू. वेढ्याच्या प्रत्येक छोट्या तुकड्यात दोरातील ताणामुळे दोर धातूवर दाबला जातो. जितका ताण अधिक, तितका दाब अधिक आणि तितकेच घर्षणही अधिक. त्यामुळे प्रत्येक अंशाच्या वळणावर ताणातून ठरावीक वजन वजा होत नाही, तर त्या जागी असलेल्या ताणाचा ठरावीक हिस्सा कमी होतो. असे असंख्य छोटे हिस्से एकापुढे एक मांडले, की घट बेरजेने न होता गुणाकाराने होते. दोरावरील या नियमाला लिओनार्ड ऑयलर हा गणिती आणि योहान आयटेलवाईन हा जर्मन अभियंता यांची नावे दिली जातात. वरचा ताण भागिले खालचा ताण हे गुणोत्तर, २.७१८ या संख्येचा घात करून मिळते. घातांक म्हणजे घर्षणांक (दोर आणि धातू यांच्यातील घर्षण किती हे सांगणारा आकडा) आणि रेडियनमध्ये मोजलेला वेढ्याचा कोन (अर्धा वेढा म्हणजे सुमारे ३.१४ रेडियन) यांचा गुणाकार. मला या नियमात सर्वांत मोहक वाटते ती गोष्ट अशी, की त्यात धातूच्या जाडीचा उल्लेखच नाही. आदर्श दोरासाठी बुंधा जाड असो वा बारीक, महत्त्व फक्त कोनाला असते.

आता आकडे घालून पाहू. घर्षणांक ०.२५ मानला, तर प्रत्येक अर्ध्या वेढ्याला ताण सुमारे २.२ पटींनी कमी होतो. साधनसामग्रीसह ८० किलोचा खेळाडू दोरावर आहे. पहिल्या अर्ध्या वेढ्यानंतर ८० चे साडेछत्तीस किलो उरतात, दुसऱ्यानंतर साडेसोळा आणि तिसऱ्यानंतर साडेसात. म्हणजे खालच्या हाताने साडेसात किलोच्या वजनाइतकी ओढ दिली की माणूस जागच्या जागी थांबतो. परंतु नेम धरताना शरीर वळले आणि दोर धरलेला हात नितंबाजवळून वर छातीपर्यंत आला, तर जवळजवळ अर्धा वेढा नाहीसा होतो आणि त्याच हाताला साडेसातऐवजी साडेसोळा किलो पेलावे लागतात. दोर नवा, गुळगुळीत किंवा चिखलाने माखलेला असून घर्षणांक ०.१५ पर्यंत उतरला, तर पूर्ण दीड वेढा असूनही हाताच्या वाट्याला साडेएकोणीस किलो येतात. सरकता दोर या जोराने मुठीत धरून ठेवणे अननुभवी माणसाला अवघड आहे.

या गणितातील सर्वांत गंभीर बाब तर पुढेच आहे. साधन हाताच्या ओढीला साडेदहा पटींनी वाढवते, स्वतःहून काहीही देत नाही. हात सुटला की शून्याची साडेदहा पट शून्यच येते. अशा वेळी मदतीला उरते ते फक्त खाली लोंबणाऱ्या दोराचे स्वतःचे वजन. ११ मिलिमीटर जाडीचा दोर मीटरला साधारण ७५ ग्रॅम भरतो. २० मीटर उंचीवर असताना खालचा दीड किलो दोर जवळपास १६ किलोचा आधार देतो, तर जमिनीपासून ५ मीटरवर तो आधार ४ किलोवर येतो. म्हणूनच नवख्या माणसाला वरच्या टप्प्यात दोर अडखळत सरकतो असे वाटते, त्यातून आत्मविश्वास वाढतो, आणि खाली येताना नकळत वेग वाढू लागतो. १० मीटरवरून मोकळे पडलेले शरीर दीड सेकंदाच्या आत, ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळते.

एअरसॉफ्टची गोळी ६ मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची असते. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाली, तर तिची ऊर्जा १ ज्यूल भरते. ही ऊर्जा डोळ्याला कायमची इजा करण्यास पुरेशी आहे, म्हणून चष्मा कोणत्याही क्षणी काढायचा नसतो. दोरावर मात्र धोका निराळा आहे. चेहऱ्याजवळ फटका बसताच हात आपोआप तोंडाकडे जातो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि निर्धाराने ती थांबवता येईल असे समजणे चुकीचे आहे. म्हणून दोरावरील व्यक्तीवर गोळी झाडायची नाही आणि दोरावरील व्यक्तीनेही झाडायची नाही, बंदूक मॅगझिन काढून पाठीवर घट्ट बांधायची, आणि तिचा पट्टा, सैल कपडा किंवा केस साधनात ओढले जाणार नाहीत असे पाहायचे, हे नियम खेळाची रंगत घालवतात ही तक्रार मला मान्य नाही.

ज्याला दोन्ही हात मोकळे हवेच असतील, त्याच्यासाठी उपाय १९३१ पासून उपलब्ध आहे. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी दाखवलेल्या गाठीत, मुख्य दोराभोवती बारीक दोरीचे वेढे दिले जातात; ओढ बसली की ते आवळतात आणि हाताने सरकवले की सैल होतात. अशाच जातीची गाठ फिगर-एटच्या खाली घेऊन हार्नेसला जोडली, तर हात सुटल्यावर खालची ओढ ती गाठच पुरवते. दोरीचा हा फास आखूड हवा, कारण तो वर जाऊन साधनाला टेकला तर गाठ आवळतच नाही. दुसरा उपाय खाली उभ्या असलेल्या साथीदाराचा : तो दोर ताणून धरतो आणि समीकरणातील हाताची जागा घेतो. हा साथीदार खेळात भाग घेणारा नसावा.

दोर लावून वर चढण्याच्या प्रसंगांबाबत एवढेच सांगतो, की स्टॅटिक दोर मुळात ताणून लांबण्यासाठी बनवलेला नसतो. त्याला ढील ठेवून वर चढणारा माणूस पडला, तर झटका दोराऐवजी त्याच्या कंबरेला आणि अँकरला (दोर वर जिथे बांधलेला असतो त्या आधाराला) बसतो. घोरपडीच्या शेपटीला दोर बांधून मावळे कडा चढले, ही आपल्याकडे आवडीने सांगितली जाणारी कथाही या निमित्ताने तपासून पाहावी. काही किलो वजनाचा प्राणी नख्यांच्या जोरावर माणसाचे वजन पेलू शकत नाही, आणि कड्यावर चढण्याचे श्रेय चढणाऱ्या माणसांच्या कौशल्याला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घोरपड पकडणे हा गुन्हाही आहे.

आता वेगाविषयी. सेकंदाला ४ मीटर वेगाने येणारा ८० किलोचा खेळाडू २० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर अँकरवर क्षणभर सुमारे ४ किलोन्यूटन, म्हणजे त्याच्या वजनाच्या पाचपट ताण येतो. गच्चीचा कठडा किंवा पाण्याच्या टाकीचा पाइप या हिशेबाने बसवलेला नसतो. पन्हाळ्याच्या तटबंदीचा तर विचारही करू नये; २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या त्या गडाचे दगड अँकरसाठी नाहीत. शिवाय २० मीटर उतरताना सुमारे १५,७०० ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तिच्यापैकी निम्मी जरी १२० ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या फिगर-एटमध्ये साठली, तरी त्याचे तापमान ७० अंशांनी वाढते. नायलॉन २०० अंशांच्या पुढे वितळत असल्यामुळे चांगला दोर यातून बचावतो. बाजारात स्वस्तात मिळणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर मात्र १६५ अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडू लागतो, म्हणून सामान बांधण्यासाठी आणलेला असा दोर रॅपलिंगसाठी कधीही वापरू नये.