बॉनेट आणि पेंटचं इंजिनच्या गरमीपासून संरक्षण

बॉनेटचं उष्णता-संरक्षण म्हणजे इंजिनमधून वर येणारी गरमी बॉनेटच्या पत्र्यापर्यंत आणि त्यावरच्या रंगापर्यंत कमीत कमी पोचावी म्हणून केलेली सगळी व्यवस्था. यात कंपनीनेच बॉनेटला आतून लावलेलं इन्सुलेशन येतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरची (इंजिनमधला धूर गोळा करून बाहेर नेणारा पाइप) पत्र्याची हीट शील्ड येते, हवा आत-बाहेर जायचे रस्ते येतात, आणि नंतर आपण पैसे घालून चिकटवतो ते शीट, रॅप, कोटिंग वगैरे पण येतं. नाशकात हा विषय दरवर्षी मार्च संपत आला की निघतो, पारा ४० कडे सरकतो, गाडी मुंबई नाक्याला नाहीतर द्वारका चौकात अडकलेली असते, घरी येऊन बॉनेटवर हात ठेवला की चटका बसतो आणि मग पहिला प्रश्न हाच, पेंट जाईल का? कंपनीचा पेंट सहसा जात नाही. गॅरेजवर मारलेला जाऊ शकतो. आणि बऱ्याच वेळा ज्याचं खापर इंजिनवर फुटतं ते काम उन्हाने केलेलं असतं.

आधी पेंट किती सोसतो ते बघू. कारखान्यात नुसती पत्र्याची बॉडी असते, वायर नाही रबर नाही काच नाही, त्यामुळे तिला भट्टीत चांगलं भाजता येतं. गंज रोखणारा पहिला थर म्हणजे ई-कोट, तो साधारण १६० ते १८० अंशांना भाजतात, आणि सगळ्यात वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट १४० च्या आसपास. हे सगळे थर मिळून जाडी किती, तर १०० ते १४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या एका-दोन केसांएवढी. आता बॉनेटचा पत्रा रस्त्यावर किती तापतो? काळी गाडी मे महिन्यात भर दुपारी उघड्यावर उभी असेल तर इंजिन बंद असतानाही ७० अंशांच्या वर जाते, पांढरी बरीच कमी तापते. चालू इंजिनची गरमी त्यात मिळवली तरी जो रंग १४० ला भाजून निघालाय त्याला हे फार नाही. हाताचं म्हणाल तर ६० अंशांचा पत्रा काही सेकंदांवर सहन होत नाही, म्हणून "हात ठेवता येत नाही" हे पेंट जळत असल्याचं लक्षण धरू नये.

मग क्लिअर कोट पांढरट पडून पापुद्रे का सुटतात, आणि ते पण नेमके बॉनेट आणि टपावर? टपाखाली इंजिन नसतं, एवढं लक्षात घेतलं तरी अर्धं उत्तर मिळतं. दोन्ही आडवे भाग आहेत, दोघांवर ऊन सरळ पडतं आणि अतिनील किरण क्लिअर कोटचं रेझिन हळूहळू तोडत जातात. गरमी मात्र या सगळ्याला मदत करते हे खरं, तापलेला क्लिअर कोट थोडा मऊ पडतो, त्यावर पक्ष्याची विष्ठा वाळून आकसली की खाली ठसा उमटतो जो रबिंग केल्याशिवाय जात नाही. बोअरिंगच्या पाण्याचं पण तेच, गरम बॉनेटवर बादली ओतली की पाणी क्षणात उडतं आणि क्षार पांढऱ्या गोल डागांच्या रूपात बसून राहतात. गाडी सावलीत लावून अर्धा तास थांबून धुतली की यातला बराच त्रास वाचतो, पण रविवारी सकाळी बाहेरून फिरून आल्या आल्या पाइप हातात घ्यायची सवय काही जात नाही.

गरमी येते कुठून

इंजिन म्हणजे एकच गरम डबा असं धरून चालत नाही. कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणारं पाणी, ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान राहतो, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड तेवढेच. खरा निखारा एक्झॉस्टच्या बाजूला असतो, जोर लावून चढण चढताना मॅनिफोल्ड आणि टर्बोचं (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) घर कित्येक शे अंशांवर जातं, पेट्रोल टर्बो तर अंधारात लालसर दिसेल इतकं. ही उष्णता बॉनेटपर्यंत मुख्यतः दोन वाटांनी येते, एक गरम हवा वर चढते ती, आणि दुसरी सरळ किरणांनी, चुलीसमोर बसल्यावर तोंडाला जाणवते ना तशी. पत्र्याला पत्रा टेकून येणारी गरमी फार नसते. या दोन वाटांना दोन वेगळी औषधं लागतात, हे कळलं नाही की माणूस चुकीच्या गोष्टीवर खर्च करतो.

गाडी पळत असताना समोरची हवा जाळीतून, कंडेन्सर-रेडिएटरमधून आत घुसते आणि इंजिनच्या खालून, चाकांच्या बाजूने निघून जाते. म्हणून हायवेवर बॉनेट उलट थंड राहतं. तापतं ते दोन वेळी. एक ट्रॅफिकमध्ये, जिथे फक्त फॅनवर काम चालतं. दुसरं इंजिन बंद केल्यावर. बंद केलं की फॅन थांबतो (काही गाड्यांत थोडा वेळ फिरत राहतो), हवा थांबते, कुलंट फिरायचा थांबतो, पण मॅनिफोल्ड तापलेलंच असतं, त्याची सगळी गरमी वर साचते आणि पुढची काही मिनिटं बॉनेट आधीपेक्षा जास्त तापतं. कसारा घाट चढून घाटनदेवीला थांबणाऱ्यांना हे चांगलं माहीत असेल, गाडी बंद करून चहा पिऊन आलो तर बॉनेट जास्तच गरम. टर्बोची गाडी असेल तर असं चढून आल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करावी, त्याचा मुख्य फायदा टर्बोच्या बेअरिंगला आहे, बॉनेटला जो होतो तो वरकड.

आपल्या गाडीत गरमी कुठे जास्त लागते हे बघायची एक फुकटची रीत आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट कडक असते, निफाडकडे तर पारा ५ च्या आसपास उतरतो, आणि गाडीवर दव पडलेलं असतं. इंजिन चालू करून दहा मिनिटं नुसतं बघत राहायचं. बॉनेटवरचं दव जिथे आधी वाळतं तिथे खाली गरमी जास्त, बऱ्याचदा आतल्या फ्रेमच्या पट्ट्यांची नक्षीच उमटते, आणि एका कोपऱ्यात ठळक गोल डाग लवकर वाळला तर त्याच्या खाली टर्बो किंवा मॅनिफोल्ड आहे असं समजा. इन्सुलेशन असलेल्या बॉनेटवर दव बराच वेळ तसंच राहतं. कोरोनात घेतलेली टेम्परेचर गन असेल तर ती कामाची नाही, ती बहुतेक अंगाच्या तापापुरतीच मोजते, कारागिरांची वेगळी मिळते ती घ्या. तीही रंगाच्या पत्र्यावर बरोबर आकडा दाखवते पण चकचकीत फॉइलवर किंवा क्रोमवर फारच कमी दाखवते, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःची किरणं कमी सोडतो. फॉइल लावून लगेच गन रोखून "बघा, किती थंड" म्हणणारे विक्रेते हीच गंमत वापरतात, कधी जाणून कधी न जाणता.

काय उपयोगी पडतं

कंपनीचं बॉनेट इन्सुलेशन, ज्याला गॅरेजवर कुणी फोम म्हणतं कुणी शीट, ते प्लास्टिकच्या क्लिपांनी लावलेलं फेल्ट किंवा काचतंतूचं जाड पॅड असतं. त्याचं अर्धं काम आवाज दाबणं आहे, विशेषतः डिझेलची खडखड, आणि खर्च वाचवायला स्वस्त गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटमध्ये ते गाळलेलं असतं. नसेल तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचं पॅड आणून बसवणं हा माझ्या मते सगळ्यात शहाणा उपाय आहे, बहुतेक वेळा बॉनेटच्या फ्रेमला क्लिपांची भोकं आधीपासून असतात आणि पॅडचा आकार बेल्ट-फॅनला लागणार नाही असा कापलेला असतो. ते मिळालं नाही तरच बाजारातलं काचतंतूचं, वरून अॅल्युमिनियमचं, गाडीसाठीच बनवलेलं शीट.

माझं स्वतःचं सांगतो, एका दुकानात बॉनेटला आतून चंदेरी बुडबुड्यांचं शीट लावून घेतलं होतं, ते पत्र्याच्या शेडच्या छताला लावतात ना तेच. दिसायला एकदम अंतराळयान. दोन महिन्यात मॅनिफोल्डच्या वरचे बुडबुडे बसले, कडा लोंबायला लागल्या आणि एक पट्टी सुटून फॅनच्या जवळ आलेली सर्व्हिसिंगला दिसली. त्यातलं पॉलिथिन साधारण ११० अंशांना वितळतं, जळतंही. छताला ठीक, इंजिनवर नको. दारात आवाज कमी करायला लावतात ती काळी डांबरी शीट पण बॉनेटला लावू नये, गरमीत ती मऊ होऊन खाली येते, शिवाय वजन वाढून बॉनेटचा गॅस स्ट्रट किंवा दांडी कुरकुरते.

सरळ किरणांनी येणाऱ्या गरमीला चकचकीत पातळ पत्र्याची शील्ड सगळ्यात चांगली, अॅल्युमिनियम ९० टक्क्यांच्या वर किरणं परत फेकतं, फक्त शील्ड आणि गरम भाग यांच्यात हवेची फट हवी, चिकटवून टाकली की ती स्वतःच तापून तीच गरमी पुढे देते. बऱ्याच जुन्या गाड्यांत ही शील्ड गायब असते. नट गंजलेला असतो, मिस्तरी काढतो, काम होतं, परत लावायची राहते, आणि ती शील्ड गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहते. बॉनेटला एकाच जागी भाजल्यासारखा डाग, इन्सुलेशन एकाच जागी करपलेलं, सकाळी थंड इंजिनला टकटक आवाज आणि नंतर तो कमी होणं, हे सगळं एकत्र दिसलं तर मॅनिफोल्डचं गॅसकेट (जोडात बसवलेली सील) फुंकतंय, म्हणजे गळतंय, असं समजून आधी ते बघायचं. तिथून निघणारा गरम गॅस कुठलंही शीट लावून थांबत नाही.

एक्झॉस्ट रॅप म्हणजे पाइपला गुंडाळायची काचतंतूची किंवा बेसाल्टची पट्टी, ती गरमी आत धरून ठेवते हे नक्की. पण पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला रोज जाणाऱ्याने विचार करावा, पट्टी पाणी धरते आणि साध्या लोखंडी पाइपला खालून गंज लावते.

सिरॅमिक कोटिंगचा घोळ तर कायमचा आहे. त्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक मॅनिफोल्डवर मारायचा उष्णतारोधक थर आणि दुसरं गाडीच्या रंगावर डिटेलिंगवाले लावतात ते सिलिकाचं पातळ कोटिंग. दुसऱ्यामुळे पाणी ओघळून जातं, चमक राहते, विष्ठेला थोडा वेळ अडवतं, पण इंजिनची गरमी अडवत नाही, अडवणार कसं, गरमी खालून येते आणि कोटिंग वर आहे. पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, तिचंही तसंच, दगडाच्या टवक्यांपासून चांगलं, गरमीशी संबंध नाही.

बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून बॉनेट मागून उचलून ठेवायची आयडिया काही पोरं करतात, गरम हवा निघून जाईल म्हणून. उभ्या गाडीत निघतेही. पण वेगात पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे हवा बाहेर यायच्या ऐवजी आत जाते, आणि एसीची बाहेरची हवा घ्यायची जाळी तिथेच असल्याने इंजिनचा वास केबिनमध्ये. त्यात बॉनेटचं कुलूप नीट न बसण्याचा धोका वेगळाच. नकली स्कूपबद्दल, म्हणजे बॉनेटवर बसवायच्या हवेच्या उंचवट्याबद्दल, बोलायलाच नको. जुन्या फॉर्च्युनरच्या ३.० डिझेलवर जो स्कूप होता तो खरा होता, पण तो इंटरकूलरला (टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी) हवा आत घ्यायला, गरमी बाहेर सोडायला नाही.

परत रंगवलेलं बॉनेट

गरमीचा खरा बळी हा. गाडी एकदा जुळून आली की तिला परत १४० अंशांच्या भट्टीत घालता येत नाही, प्लास्टिक-वायरिंग वितळेल, म्हणून डेंटिंग-पेंटिंगमध्ये हार्डनर मिसळायचा टू-के पेंट वापरतात आणि चांगल्या बूथमध्ये ६० ते ८० अंशांना सुकवतात. साध्या शेडमध्ये उन्हातच सुकतो. तो पण टिकतो, पण पूर्ण पक्का व्हायला काही आठवडे जातात, तोवर वॅक्स, कव्हर, घाटातली लांब ट्रिप हे टाळलेलं बरं. ड्यूको हा शब्द जुन्या पेंटरांच्या तोंडी अजून आहे, ते मूळचं १९२० च्या दशकातल्या ड्युपॉन्टच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव, तसा लॅकर नुसता वाळतो, पक्का जुळत नाही, आणि गरमीत परत मऊ पडतो. स्वस्तात कुणी अजून तो मारत असेल तर निदान बॉनेटवर नको.

त्याहून वाईट पुट्टी, म्हणजे पोचा भरायचा लगदा, पेंटर त्याला 'लांबी' म्हणतात. लोखंडी पत्रा एक मीटर लांबीला ५० अंश तापला की साधारण ०.६ मिलिमीटर वाढतो, अॅल्युमिनियमचा जवळपास दुप्पट, आणि पुट्टी आणखी वेगळ्या मापाने. रोज तापणं आणि निवणं, वर्षभरात शेकडो वेळा, आणि मग पुट्टीच्या कडेची रेघ रंगातून वर दिसायला लागते, नंतर भेग. जुनी गाडी घेताना सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेट बाजूने बघायचं ते याच्यासाठी. मोठा पोचा असेल तर पुट्टी थापण्यापेक्षा बॉनेटच बदलणं परवडतं.

बाकी किरकोळ. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग सोलतं, आणि बॉनेट उघडून टॉप-अप करताना ते कडेवर सांडू शकतं. उंदीर इन्सुलेशन कुरतडून घरटं करतात, त्यावर तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधायची पद्धत आहे, बांधायची तर एक्झॉस्टपासून लांब बांधा, वाळलेलं पान आहे ते. ऑइल किंवा डिझेलने भिजलेलं पॅड धुवून परत लावू नका, टाकून द्या. आणि शीट चिकटवताना बॉनेटच्या पुढच्या दुमडलेल्या कडेची बारीक भोकं बुजवू नका, आत शिरलेलं पावसाचं पाणी तिथूनच निघतं, ती बंद झाली की दोन पावसाळ्यात कडेला रंगाखाली फोड येतात आणि सगळे म्हणतात इंजिनच्या गरमीने पेंट फुगला.