सिरोगोय्नोला दोन रात्री कशासाठी? सर्बिया ग्रुपच्या मंडळींसाठी थोडी माहिती

नमस्कार मंडळी,

टूरचं वेळापत्रक पाठवलं की पहिला फोन हमखास याच गोष्टीवरून येतो, "अहो ते सिरोगोय्नो की काय, तिथे दोन रात्री कशाला, त्यापेक्षा बेलग्रेडला एक दिवस वाढवा ना." म्हणून हे पत्रक. निघायच्या आधी एकदा निवांत वाचा, घरच्यांनाही वाचून दाखवा.

पहिल्या ग्रुपच्या वेळी आम्हीपण तिथे तासभरच थांबलो होतो. लाकडी घरांचे फोटो काढले, चला बसमध्ये बसा. परतीच्या वाटेवर एक काकू म्हणाल्या, घरं सुंदर होती हो, पण एका मोठ्या घराभोवती ती एवढी बारकी बारकी घरं कशाला बांधली असतील? आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला आम्ही पुढच्या वर्षी परत गेलो, तिथे राहिलो, आणि तेव्हापासून हे गाव दोन रात्रींचं झालं.

आधी गाव कुठे आहे ते सांगतो. सर्बियाच्या पश्चिमेला झ्लातिबोर नावाचा डोंगराळ भाग आहे, नावाचा अर्थ सोनेरी पाइन. सगळ्यात उंच शिखर तोर्निक, १४९६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दीडशे मीटरने कमी, पण हिवाळ्यात तिथे स्कीइंग चालतं एवढा बर्फ पडतो. सिरोगोय्नो या भागाच्या पूर्वेकडे, झ्लातिबोर टाऊनपासून पंचवीसेक किलोमीटर. बेलग्रेडहून बसने साडेतीन-चार तास धरा. गाव म्हणजे घराला घर लागून असलेली आळी डोळ्यासमोर आणू नका, इथली घरं उतारांवर विखुरलेली आहेत, चार घरं इकडे, सहा तिकडे, मध्ये कुरणं, गवताच्या गंजी आणि प्लमची झाडं. कोकणातल्या वाड्या आठवतील. गुरं-मेंढ्या राखणाऱ्या लोकांची ही वस्ती, ज्याचं कुरण त्याच्याजवळ त्याचं घर. यातले बरेच जण १८व्या शतकात हर्झेगोविना आणि माँटेनेग्रोकडून डोंगर ओलांडून आलेल्यांचे वंशज.

आता काकूंचा प्रश्न. गावात 'स्तारो सेलो', म्हणजे 'जुनं गाव', नावाचं उघड्यावरचं म्युझियम आहे. आजूबाजूच्या गावांतली जुनी लाकडी घरं एकेक ओंडका सुटा करून इथे आणली आणि जशी होती तशी पुन्हा उभी केली. मोठ्या घराला ब्रव्नारा म्हणतात. आत शिरलात की मातीची जमीन आणि मधोमध उघडी चूल, तिचं नाव ओग्न्यिश्ते, आपल्या 'अग्नी'चंच भावंड असलेला शब्द. धुराडं नाही, धूर वर चढतो आणि उंच उतरत्या छपरातल्या झडपेतून बाहेर जातो, जाता जाता वर टांगलेलं मांस धुरवून जातो. तुळया हाताने चाचपून बघा, काजळी धरून काळ्या चकचकीत झाल्यात.

या एका घरात भावाभावांचं अख्खं एकत्र कुटुंब जेवायचं, वीस-पंचवीस माणसं सहज. त्याला झाद्रुगा म्हणायचे. घरातला कर्ता पुरुष कामं वाटून द्यायचा आणि स्वयंपाकाची सुनांमध्ये पाळी लागायची, पाळी असलेलीला रेदुशा असा खास शब्द आहे. पण जेवण एकत्र असलं तरी लग्न झालेल्या जोडप्याला स्वतःचं काहीतरी नको का? म्हणून प्रत्येक जोडप्यासाठी अंगणात एक छोटी खोली बांधायचे, वायात. आत चूल नाही, खाट आणि नवरीची पेटी एवढंच. घरात लग्न झालं की अंगणात एक वायात वाढायचं! काकूंची बारकी घरं ती हीच. बाकीची दुधाची खोली, मक्याची कणगी, प्लम सुकवायची खोली आणि धान्याचं कोठार. कोठाराला ते 'अंबार' म्हणतात. आपण धान्याचे अंबार म्हणतो तोच फारसी शब्द, इकडे एका वाटेने आला आणि तिकडे तुर्कांबरोबर गेला. दुकानाला दुचान, साखरेला शेचेर. असे शब्द कानावर पडले की परकं वाटतच नाही.

तुर्कांचं म्हणजे ऑटोमन साम्राज्याचं राज्य इथे काही शतकं होतं. म्युझियमला लागूनच गावाचं चर्च आहे, १७६४ सालचं, म्हणजे त्याच राजवटीत बांधलेलं. बाहेरून साधं आहे, पण पाच मिनिटं आत शांत उभे राहा. वाटेत उझित्से शहर लागेल. तिथे किल्ल्याखाली नदीवर १९०० साली सुरू झालेलं वीजकेंद्र आहे, निकोला टेस्ला या संशोधकाच्या अल्टरनेटिंग करंटच्या तत्त्वावर चालणारं. हेच शहर दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या शेवटी दोनेक महिने जर्मन फौजांच्या हातून सुटलं होतं, नंतर त्याची फार मोठी किंमत लोकांनी मोजली.

स्वेटरची गोष्ट आम्हाला सगळ्यात जवळची. १९६०च्या दशकात दोब्रिला वासिल्येविच स्मिल्यानिच या डिझायनर बाईंनी इथल्या गावागावांतल्या विणणाऱ्या बायकांना एकत्र आणलं. हात आधीपासून तयार होते, बाईंनी डिझाइन दिलं, चांगली लोकर आणली (बरीचशी थेट आइसलँडहून) आणि गुरं राखता राखता विणलेले स्वेटर युरोपातल्या मोठमोठ्या शहरांत विकले जायला लागले. डोंगर, घरं, बर्फ, मेंढ्या, सगळं त्या विणीत उतरलेलं. ज्या बाईच्या हातात कधी स्वतःचा पैसा आला नव्हता तिच्या हातात तो आला, मुलं शिकली. आज तरुण मंडळी उझित्से, बेलग्रेड, जर्मनीला गेलीत, विणणाऱ्या बऱ्याच आज्ज्या आहेत. म्हणून कळकळीची विनंती, स्वेटर घ्यायचा तर घ्या, पण हाताने विणलेल्या वस्तूत घासाघीस करू नका.

गावात कुणाच्या घरी गेलात तर आधी स्लात्को येईल. बशीत एक चमचा फळांचा मुरंबा आणि सोबत गार पाणी. आपलं गूळ-पाणीच! नाही म्हणू नका, एक चमचा खा आणि वर पाणी प्या. आम्ही गेलो त्या घरी आजींनी रानातल्या स्ट्रॉबेरीचं दिलं होतं, अख्खी फळं पाकात तशीच टिकलेली, आणि आम्ही संपवेपर्यंत त्या उभ्याच होत्या. नंतर कॉफी येते, छोट्या कपात, खाली गाळ राहतो तो ढवळायचा नाही. चहा मागताना मात्र लक्षात ठेवा, नुसतं 'चाय' म्हटलंत तर बहुतेक वेळा पुदिना किंवा कॅमोमाइलचा काढा येईल, आपला हवा तर 'त्स्रनी चाय' म्हणा. दूध वेगळं मागावं लागतं.

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा. भाग मांसाहाराचा आहे, शेजारचं माच्कात गाव तर धुरवलेल्या मांसासाठीच प्रसिद्ध. इथली 'कोम्प्लेट लेपिन्या' दिसायला अंडं आणि साय भरलेली भाकरी, पण त्यात भाजलेल्या मांसाचा रस घालतात, त्यामुळे शाकाहारींनी घेऊ नये. तळणासाठीही कधीकधी चरबी वापरतात, विचारून घ्या. 'पोस्नो' हा शब्द पाठ करा, म्हणजे त्यांच्या उपासाचं, त्यात मांस, दूध, अंडं काही नसतं (मासे मात्र असू शकतात, तेही विचारा). भट्टीत भाजलेला राजम्यासारखा प्रेब्रानात्स, भाजलेल्या लाल मिरचीचा आय्वार, मक्याची भाकरी, आणि दूध चालत असेल तर कुट्टूच्या पिठाची पाई (pie) आणि काय्माक, म्हणजे मुरवलेली साय. उपाशी कुणी राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तोपिचा गुहा. चुनखडीचा डोंगर, आतून ओढा वाहतो आणि त्या पाण्यातल्या चुन्याने पायऱ्यापायऱ्यांची कुंडं बनवलीत. आत ऐन उन्हाळ्यातही गारठा असतो, जमीन ओली असते, तेव्हा रबरी सोलचे बूट आणि एक जॅकेट बसमध्ये वरच ठेवा, बॅगेत खाली नको.

झ्लाकुसा या गावची मातीची भांडी घ्यायची असतील तर केबिन बॅगेत जागा ठेवा. माती आणि दळलेला कॅल्साइट नावाचा दगड मिसळून हाताने फिरवायच्या चाकावर करतात, २०२० साली युनेस्कोच्या यादीत गेली ही कला. भांडं थेट आचेवर चालतं, पण चेक-इनमध्ये टाकू नका, फुटतं.

आणि व्हिसा. २०२३ च्या जानेवारीपासून भारतीय पासपोर्टला सर्बियाचा व्हिसा लागतो. शेंगेन, यूके किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर वेगळा काढावा लागत नाही, पण त्याच्या तारखा पूर्ण टूर कव्हर करतात का ते बघायचंय, त्यामुळे पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचा फोटो आम्हाला आत्ताच पाठवून ठेवा.