‘जेनेरिक’ म्हणजे कमअस्सल नव्हे

‘जेनेरिक’ म्हटलं की अनेकांना स्वस्त, म्हणून जरा हलकं औषध डोळ्यांसमोर येतं. शब्दात मात्र दर्जाबद्दल काहीच नाही. तो लॅटिनमधल्या ‘जीनस’वरून आला, जीनस म्हणजे कूळ. पॅनाडॉल हा एका कंपनीचा मार्का, तर पॅरासिटामॉल हे कुळाचं नाव, कुणाच्याही मालकीचं नसलेलं.

अशी नावं जागतिक आरोग्य संघटना ठरवते. पहिली यादी 1953 साली निघाली. नावाच्या शेपटीवरून औषधाचं घराणं कळतं. ॲटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती मंदावणारी, रॅमिप्रिल आणि एनालाप्रिल रक्तदाबाच्या एकाच गटातली, शेवटी ‘व्हास्टॅटिन’ असेल तर कोलेस्टेरॉल उतरवणारं. म्हणून पाकिटावरच्या ठळक मार्क्याआधी खालची बारीक ओळ वाचावी. सर्दीची गोळी एका मार्क्याची, तापाची दुसऱ्या, आणि दोन्हींत पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, असं सहज घडतं. निरोगी प्रौढासाठी 24 तासांतली कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे दोन्ही धरून आठच गोळ्या. त्यापुढे यकृताला धोका.

जेनेरिक गोळी मूळ गोळीइतकीच काम करते, हे ठरतं रक्तात. सहसा दोन-तीन डझन निरोगी स्वयंसेवक आधी एक गोळी घेतात, ती शरीरातून पूर्ण उतरली की दुसरी. ठरावीक वेळांना रक्त काढून औषधाची सर्वोच्च पातळी आणि एकूण शोषण मोजतात. दोन्ही गोळ्यांच्या या मोजमापांच्या गुणोत्तराची 90 टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे खरं गुणोत्तर ज्या पट्ट्यात असण्याची बरीच खात्री असते तो पट्टा, 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसावा लागतो.

या आकड्यांचा फार चुकीचा अर्थ लावला जातो. गोळीत 20 टक्के औषध कमी चालतं, असं यात कुठेही म्हटलेलं नाही. सरासरी नव्हे, तर अख्खा पट्टा त्या चौकटीत मावावा लागतो. सरासरीच 15 टक्क्यांनी घसरली तर पट्ट्याचं टोक बहुधा बाहेर जातं आणि गोळी नापास होते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 12 वर्षांतले 2070 अभ्यास तपासले, तेव्हा एकूण शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला.

मग गोळी बदलल्यावर कधीकधी त्रास का होतो? औषधाभोवतीचा भराव पदार्थही शोषणावर परिणाम करतो. 1968 मध्ये ऑस्ट्रेलियात फिट्सवरच्या फेनिटॉइन कॅप्सूलमध्ये कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज भरलं गेलं. औषधाची मात्रा तीच होती, पण शोषण वाढलं आणि रुग्णांमध्ये विषबाधेची लक्षणं दिसली.

फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन, थायरॉइडवरचं लेव्होथायरॉक्सिन यांत पुरेसा डोस आणि जास्त डोस यांतलं अंतर फार थोडं असतं. अशा औषधांसाठी युरोपातले नियम ती चौकट 90 ते 111 टक्क्यांवर आणतात. ही औषधं चालू असतील तर उत्पादक परस्पर बदलू नये. बदललाच तर डॉक्टरांना सांगावं. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) लवकर तपासावा, थायरॉइडच्या गोळीवर असलेल्यांनी टीएसएच (थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची रक्तातली पातळी) सुमारे सहा आठवड्यांनी. त्याआधी टीएसएचचा आकडा नव्या डोसला स्थिरावलेला नसतो.