10 सेकंद श्वास रोखला, म्हणजे कोरोना नाही?
मार्च 2020 पासून फिरणारा हा मेसेज साफ चुकीचा. जागतिक आरोग्य संघटनेनेही तो खोडून काढलाय. तरुण, धडधाकट माणूस न्यूमोनिया असतानाही आरामात श्वास रोखतो. धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यावर. कोरोनात तो बाहेर पडत राहतो, ऑक्सिजन मात्र गुपचूप उतरतो. म्हणून पोरगं पलंगावर मोबाइल बघत असतं आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन फक्त 88 टक्के दाखवतो! (नेलपॉलिश आधी पुसा, आकडा चुकतो.) बसून आकडा ठीक असेल, तर घरातच 6 मिनिटं चालवून पुन्हा मोजा. 94 च्या खाली गेला किंवा 3 हून जास्त अंकांनी घसरला, तर लगेच दवाखाना गाठा. बोलताना वाक्य तुटत असेल, तर आकड्याचीही वाट बघू नका.