करायलाच हवे, की केले तर चालेल? मुंबईच्या मैदानांची पार्श्वभूमी

मुंबई महापालिकेत 'क्रीडा आणि करमणूक' नावाचे एकच खाते शोधायला गेलात तर दमून परत याल. बागा आणि मैदाने उद्यान खात्याकडे. तरणतलाव आणि नाट्यगृहांचा कारभार वेगळा. अंधेरी-मुलुंडची क्रीडासंकुले बृहन्मुंबई क्रीडा व ललित कला प्रतिष्ठानकडे. ओव्हल, क्रॉस, आझाद ही दक्षिण मुंबईतली जुनी मैदाने महापालिकेच्या मालकीची नाहीतच, ती सरकारची. मरीन लाइन्सचे जिमखाने भाडेपट्ट्याने दिलेले. आणि ज्याला आपण खरोखर 'कार्यक्रम' म्हणतो, म्हणजे उन्हाळी शिबिरे, कबड्डीच्या स्पर्धा, एकांकिका, दहीहंडी, ते तर मंडळांच्या, संस्थांच्या आणि वर्गणीच्या जिवावर चालते.

ही विस्कळीत मांडणी आजची नव्हे. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात तिचे मूळ सापडते. त्या कायद्याने नगरपालिकेच्या कामांची दोन गाठोडी बांधली. कलम 61 मध्ये आवश्यक कर्तव्ये: गटारे, कचरा, पाणी, रस्त्यावरचे दिवे, प्रेतांची विल्हेवाट, देवी टोचणे. ही करायलाच हवीत. कलम 63 मध्ये स्वेच्छाधीन कर्तव्ये, म्हणजे पैसा आणि इच्छा असेल तर करायची. बागा आणि खेळाची मैदाने या दुसऱ्या गाठोड्यात पडली. पटकी आणि तापाने माणसे मरत असलेल्या शहरात हा क्रम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण परिणाम असा झाला की मुंबईत मोकळी जागा ठरवून फार कमी वेळा निर्माण झाली. बहुतेक वेळा ती दुसऱ्याच एखाद्या कामातून उरली, आणि मग ती कोणाची यावरून भांडण सुरू झाले.

पहिले उदाहरण किल्ल्याचेच. आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो त्याला खरोखरची तटबंदी होती आणि तटाबाहेर मोठा मोकळा पट्टा राखलेला होता. तो मुलांनी खेळावे म्हणून नव्हता. शत्रू आला तर तोफेच्या माऱ्यात मध्ये घरे यायला नकोत, एवढाच त्याचा हेतू. 1860 च्या दशकात, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तट पाडले गेले. जागेच्या एका भागात हायकोर्ट, विद्यापीठ, टपाल-तार अशा इमारती उठल्या. उरलेल्या मैदानाचे पुढे रस्त्यांनी तुकडे केले, आणि त्यातून कुपरेज, ओव्हल, क्रॉस आणि आझाद अशी चार मैदाने झाली. 'क्रॉस' हे नाव तिथल्या जुन्या पोर्तुगीज क्रुसावरून पडलेले.

तट पाडायच्या आधीपासून पारशी पोरे त्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळत होती. ओरिएंटल क्रिकेट क्लब 1848 मधला. मग 1875 मध्ये फक्त गोऱ्यांसाठी बॉम्बे जिमखाना निघाला आणि त्याने मैदानाचा एक चांगला तुकडा घेतला. तेवढ्यावर भागले असते तरी ठीक, पण साहेब लोक पोलो खेळायला उरलेल्या मैदानातही येत, आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची जी अवस्था होई त्यावर चेंडू टाकणे मुश्कील. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला पारशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. मुद्दा सरळ होता: घोडे मूठभरांचे, मैदान हजारोंचे. माझ्या मते मुंबईतल्या सार्वजनिक करमणुकीच्या हक्काचा पहिला खरा लढा तो हाच.

त्याचा शेवट मात्र गमतीशीर झाला. मैदान सर्वांना मोकळे करण्याऐवजी सरकारने ज्याचा त्याचा वेगळा तुकडा कापून दिला. 1885 मध्ये पारशी जिमखाना, आणि पुढच्या दहा वर्षांत इस्लाम आणि हिंदू जिमखाने. केनेडी सी-फेसला, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हच्या बाजूला, भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर, तिघे शेजारी शेजारी बसले. क्रिकेटचे सामनेही त्याच रेषांवर आखले गेले: 1907 मध्ये तिरंगी, 1912 मध्ये चौरंगी, 1937 मध्ये पंचरंगी. हिंदू संघात बाळू पालवणकरांसारखा गोलंदाज होता. 1911 च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. चांभार कुटुंबातले म्हणून पुण्याच्या क्लबात त्यांना चहा वेगळ्या भांड्यात, तोही तंबूबाहेर मिळे. संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे ते 1923 मध्ये आले. मैदान 'सार्वजनिक' आहे एवढे लिहून चालत नाही, आत कोण येऊ शकतो हे कुठे तरी वेगळेच ठरत असते.

मलबार हिलच्या हँगिंग गार्डनची गोष्ट थोडक्यात आटोपते. शहराला पाणी पुरवणारा जलाशय वरून झाकला आणि 1880-81 च्या सुमारास त्या छतावर बाग केली. पाणी आवश्यक, बाग स्वेच्छाधीन; इथे दुसरे अक्षरशः पहिल्याच्या डोक्यावर बसले आहे. समोरचे कमला नेहरू पार्क आणि त्यातला म्हातारीचा बूट, म्हणजे मुलांना आत चढता येणारा बुटाच्या आकाराचा मनोरा, हे स्वातंत्र्यानंतरचे. मुंबईतल्या एका अख्ख्या पिढीचा शाळेच्या सहलीचा फोटो त्या बुटाच्या खिडकीत काढलेला आहे.

मोकळी जागा दुसऱ्याच कामातून उरते, याला राणीची बाग थोडा अपवाद. भायखळ्याला ती लोकांसाठी म्हणूनच 1862 मध्ये उघडली, पण चालवायला एक बागायतदारांची सोसायटी होती. सोसायटीचा जीव संपल्यावर 1873 मध्ये बाग म्युनिसिपालिटीच्या गळ्यात आली. आधी संस्थेने सुरू करायचे आणि दम संपला की महापालिकेने सांभाळायचे, हा रिवाज तिथून पडला. अलीकडे पेंग्विन आणल्यावरून गदारोळ झाला, त्यात बागेतली जुनी झाडे मात्र बाजूलाच राहिली. वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ती झाडे म्हणजे उघडे पुस्तक आहे.

मग 1896 चा प्लेग. कोंदट चाळी, अंधाऱ्या खोल्या, वारा नाही. रोगाचे खापर दाटीवर फुटले आणि 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते, समुद्राचा वारा शहरात येऊ देणे, उत्तरेकडे दादर-माटुंगा-वडाळा-शीव भागात आखीव वस्त्या हे त्याचे काम. पारशी कॉलनीतले फाइव्ह गार्डन्स त्या विचाराचे मूल. बाग आता शोभेची वस्तू राहिली नाही, ती औषधाच्या यादीत गेली. ट्रस्टबद्दल भले-बुरे दोन्ही बोलता येते, कारण जुन्या वस्त्या पाडताना जितकी माणसे उठवली तितक्यांना घरे मिळाली नाहीत. पण दादरला आज उभे राहून श्वास घेता येतो, त्यात त्या काळच्या भीतीचा वाटा मोठा आहे.

याच उत्तरेकडच्या वाढीत 1925 मध्ये महापालिकेने माहीम पार्क केले. दोन वर्षांनी, 1927 मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याचे शिवाजी पार्क झाले. शिवजन्माचे साल तेव्हा 1627 मानत, त्यामुळे ते त्रिशताब्दीचे वर्ष होते. अवंतिकाबाई म्हणजे चंपारणला गांधीजींबरोबर गेलेल्या, गांधींचे मराठी चरित्र लिहिणाऱ्या. नगरपालिकेत बायका नुकत्याच येऊ लागल्या होत्या त्या काळातल्या.

शिवाजी पार्कावर जरा थांबायला हवे, कारण 'मनोरंजन खात्याने' जे जे करायचे ते सगळे या सुमारे 28 एकरांत होते आणि त्यातले फारच थोडे महापालिका करते. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब. जिमखान्यात टेनिस, कॅरम आणि पत्ते. बंगाल क्लबची दुर्गापूजा. रमाकांत आचरेकर सरांच्या नेटमध्ये घडलेली पोरे, त्यांतला एक सचिन तेंडुलकर. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथल्याच, दसरा मेळावेही इथलेच. आणि मैदानाला वेढणारा कट्टा, ज्यावर बसायला सभासदत्व लागत नाही. कट्टा बांधताना तो गप्पांसाठी म्हणून कुणी आराखड्यात लिहिले असेल असे वाटत नाही, पण शहरातले सर्वात यशस्वी सामाजिक केंद्र कोणते विचाराल तर मी तोच दाखवीन.

दरवर्षी 6 डिसेंबरच्या आसपास याच मैदानाचे रूप पालटते. चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला राज्यभरातून आणि बाहेरून लाखो माणसे येतात. त्यांच्यासाठी महापालिका इथे मांडव घालते, पाण्याचे नळ, फिरती शौचालये, दवाखाना, मोबाइल चार्जिंगची सोय करते. पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि लोक रात्री मैदानातच झोपतात. शेजारच्या काही घरांत दरवर्षी कुरकुर होते हेही खरे. मैदान खेळाचे, सभेचे की शांततेचे, हा वाद 2010 मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि परिसर शांतता क्षेत्र ठरला. तेव्हापासून सभेला परवानगी हा दरवर्षीचा एक वेगळाच खेळ झाला आहे. लाल मातीची धूळ घरात येते, ही तक्रार त्याहून जुनी आणि अधिक चिवट.

गिरणगावात, म्हणजे परळ-लालबागच्या कापड गिरण्यांच्या वस्तीत, चित्र निराळे होते. तिथे बाग नव्हती, गल्ली होती. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने 1911 पासून रात्रशाळा आणि वाचनालये चालवली आणि 1922 मध्ये परळला दामोदर हॉल बांधला. कामगार रंगभूमी तिथे वाढली. पाळी सुटल्यावर तोंडाला रंग लावणारे नट त्या हॉलने पाहिले. दशावतार आणि नमन कोकणातून येत, भजनी मंडळे प्रत्येक चाळीत. 1953 मध्ये कामगार कल्याण निधीचा कायदा झाला, आणि त्यातून मुंबईभर आणि राज्यभर कामगार कल्याण केंद्रे चालू लागली: शिवणवर्ग, शिशुवर्ग, व्यायामशाळा, वाचनालय, नाट्यस्पर्धा. पाश्चात्त्य शहरांत नगरपालिकेचे मनोरंजन खाते जे करते, ते इथे कामगाराच्या आणि मालकाच्या वर्गणीतून झाले. नरे पार्कात आणि कामगार मैदानात कबड्डी होई, प्रकाशझोतात, आणि गर्दी दोन्ही बाजूंच्या चाळींच्या गॅलरीत. मैदान महापालिकेने दिले तर बरेच, नाही दिले तर रस्त्यावर चुन्याच्या रेघा मारून सामना व्हायचाच.

स्वातंत्र्यानंतर शहर दहिसर-मुलुंडपर्यंत पसरले, आणि विकास आराखडे आले. नकाशात हिरव्या रंगाचे चौकोन पडले: पीजी म्हणजे खेळाचे मैदान, आरजी म्हणजे मनोरंजन मैदान. नगरसेवकांपासून रहिवाशांपर्यंत सगळे आजही याच दोन आद्याक्षरांत बोलतात. पण आरक्षण टाकणे वेगळे आणि जमीन ताब्यात घेणे वेगळे. कित्येक चौकोन नकाशात हिरवे आणि जागेवर पत्र्याचे राहिले. 1988 मध्ये अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल उभे राहिले तेव्हा उपनगरांना पहिल्यांदा मोठे काही मिळाले. त्या संकुलाची अनेकांच्या मनातली आठवण मात्र खेळाची नाही, 1 नोव्हेंबर 1996 च्या मायकल जॅक्सनच्या कार्यक्रमाची आहे.

खरी संधी आली होती ती गिरण्यांच्या जमिनीची. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर सुमारे 600 एकर जमीन शहराच्या पोटात रिकामी होऊ लागली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम 58 घातले गेले: गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण संस्थेला, घरांसाठी आणि उरलेली मालकाला. बरीच वर्षे कुणी पुढे आले नाही. मग 2001 मध्ये नियम बदलला, आणि वाटणी पूर्ण जमिनीची न राहता फक्त ज्या भागावर बांधकाम नाही त्याची झाली. गिरणी म्हणजे बहुतेक बांधकामच, त्यामुळे वाटायला उरले थोडके. पर्यावरणवादी उच्च न्यायालयात जिंकले, पण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मालकांची बाजू टिकली. लोअर परळच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता उभे राहिले की त्या एका दुरुस्तीची किंमत खांद्याला खांदा लागून कळते.

दरम्यान 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांची यादी दिली. तिच्यात बागा, उद्याने आणि मैदाने आहेत, योगायोगाने बाराव्याच क्रमांकावर. पण ती कामे प्रत्यक्षात किती सोपवायची हे राज्यांवर ठेवले. मोकळ्या जागांचे दरडोई प्रमाण नव्या आराखड्याच्या तयारीत मोजले तेव्हा ते जेमतेम सव्वा चौरस मीटर निघाले. सतरंजी अंथरली की संपले.

ज्या जागा आहेत त्या राखायला माळी आणि पैसा नाही, असे म्हणत महापालिकेने त्या संस्थांना दत्तक द्यायचा मार्ग धरला. काही ठिकाणी रहिवाशांनी मैदाने अक्षरशः वाचवली. काही ठिकाणी मैदानावर क्लब उभा राहिला, दाराशी पहारेकरी बसला आणि गल्लीतली पोरे कुंपणाबाहेर राहिली. जानेवारी 2016 मध्ये महापालिकेच्या सभागृहाने नवे दत्तक धोरण मंजूर केले तेव्हा एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली, आणि दिलेले दोनशेहून अधिक भूखंड परत घेण्याचे काम निघाले. काही परत आले. ज्यांच्यामागे वजनदार माणसे होती ते परत यायला वेळ लागला.

आता पुन्हा एकदा उरलेली जागा पुढे आली आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 एकरांपैकी 120 एकर 2024 मध्ये सेंट्रल पार्कसाठी महापालिकेकडे आले. शेजारी कोस्टल रोडसाठी समुद्रात टाकलेल्या भरावाची जमीन आहे. रस्ता झाल्यावर जे उरते त्यावर बाग, फिरायची वाट आणि खेळाची जागा करायची आहे. दोन्ही मिळून तीनशे एकरांच्या आसपास. तट पाडल्यानंतर इतकी मोठी मोकळी जागा या शहराच्या हाती एकदम आलेली नाही. जमिनीखाली वाहनतळ असावा का, देखभाल खासगी कंपन्यांना द्यावी का, आत जायला तिकीट असेल का, अशी चर्चा सुरू झाली आहे. रेसकोर्सवर रोज सकाळी फुकट चालायला येणारे ती ऐकत फेऱ्या मारतात.